जमिनीखालची टाकी आणि पाण्याची मोटार

शेवगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पैठणजवळ १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर तालुक्याच्या उत्तर सीमेला येऊन भिडला आहे. शेवगाव आणि पाथर्डी या दोन्ही शहरांना याच जलाशयातून संयुक्त योजनेद्वारे पाणी पुरवले जाते. तरीही उशाशी सागर असताना घरोघरी पाण्याचा हिशेब मात्र दिवसांवर मांडावा लागतो. नळाच्या दोन पाळ्यांमधील अंतर अनेक वर्षे आठवड्याच्या घरात, प्रसंगी त्याहूनही अधिक राहिलेले आहे. घर बांधताना देवघराआधी जमिनीखालच्या टाकीची जागा ठरते, ती या कारणाने.

पाच माणसांच्या कुटुंबाला शहरी निकषाप्रमाणे माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर दिवसाला ६७५ आणि आठ दिवसांना ५४०० लिटर पाणी लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकीत सहा हजार लिटर पाणी मावते. एवढी टाकी अंगणात सहज बसते. मात्र त्यातील पाणी गच्चीवर चढविणारी मोटार बंद पडली, की भरलेल्या टाकीचाही उपयोग उरत नाही. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत सारे काही या एका यंत्रावर अवलंबून असते आणि ते बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मोटार कोणती?

घरगुती वापरात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला, टाकीच्या बाहेर बसणारा मोनोब्लॉक. तो पाणी ओढतो, म्हणून त्याच्या नळीच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह लागतो. दुसरा, पाण्यात बुडून राहणारा ओपनवेल सबमर्सिबल. तो पाणी ओढत नाही, ढकलतो. त्यामुळे ‘मोटारीने हवा धरली’ ही तक्रार त्याच्या बाबतीत क्वचितच येते.

बाहेरच्या पंपाला निसर्गाची एक मर्यादा आहे. पाणी वर येते ते हवेच्या दाबामुळे आणि हा दाब समुद्रसपाटीला जेमतेम १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. नळीतील घर्षण आणि सांध्यांतील गळती वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच्या पलीकडे अशा पंपाकडून अपेक्षा ठेवू नये. अंगणातील टाकीला तो पुरतो. विहिरीला किंवा कूपनलिकेला पुरत नाही.

निवड करताना ‘किती हॉर्सपॉवर’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘किती उंची आणि किती पाणी’ हा असावा. टाकीचा तळ जमिनीखाली अडीच मीटर आणि गच्चीवरील टाकीचे तोंड नऊ मीटर उंच असेल, तर सरळ उंची साडेअकरा मीटर होते. वळणे आणि नळीतील घर्षण यांसाठी १० ते २० टक्के अधिक धरले, की तेरा-चौदा मीटर ‘हेड’ मिळते. या हेडला अर्ध्या तासात हजार लिटर देणारा पंप अशा घराला पुरेसा आहे. त्यासाठी बहुधा अर्धा हॉर्सपॉवर पुरतो.

दुकानात मात्र ‘जास्त ताकदीची घ्या, कामाला येईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. चाळीस मीटर हेडसाठी घडविलेला पंप तेरा मीटरवर चालविला, तर तो गरजेपेक्षा अधिक पाणी फेकू लागतो, त्याच्या गुंडाळीतून जास्त प्रवाह वाहतो आणि ती तापते. विजेचे बिल वाढते आणि मोटारीचे आयुष्य घटते. खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. मोनोब्लॉकसाठी आयएस ९०७९ आणि ओपनवेल सबमर्सिबलसाठी आयएस १४२२० ही मानके आहेत. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत तेलाने भरलेल्या मोटारीऐवजी पाण्याने भरलेली मोटार बसविणे श्रेयस्कर. सील फाटले तरी तेल पाण्यात उतरण्याचा धोका त्यात राहत नाही.

वर्षाची निगा

मोटारीचे सर्वांत मोठे तीन शत्रू म्हणजे कोरडे चालणे, कमी दाबाची वीज आणि गाळ. पंपातील पाणी केवळ वाहून नेले जात नाही; तेच सीलला आणि बुशला थंड ठेवते. टाकी रिकामी झाल्यावरही मोटार चालू राहिली, तर काही मिनिटांतच सील जळते. त्यासाठी टाकीत फ्लोट स्विच बसवावा आणि महिन्यातून एकदा तो हाताने उचलून-सोडून पाहावा. शेवाळ किंवा दोरीत अडकलेला फ्लोट नसल्यासारखाच असतो.

विजेचा दाब घसरला, की तेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. घरातील दिवे मंद झालेले असताना मोटार सुरू करणे म्हणजे गुंडाळी जळण्यास आमंत्रण. ठरावीक मर्यादेखाली वीजपुरवठा आपोआप तोडणारे उपकरण स्टार्टरमध्ये बसवून घ्यावे. नव्या गुंडाळीच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ असते.

तिसरा शत्रू गाळ. नळाला पहिल्या काही मिनिटांत येणारे गढूळ पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे. पंप तळाला टेकवून न ठेवता वीतभर उंच ठेवावा. फूटव्हॉल्व्हची जाळी दर तीन महिन्यांनी आणि टाकी वर्षातून दोनदा, त्यांतील एकदा पावसाळ्यापूर्वी, स्वच्छ करावी. धुतलेल्या टाकीत पाणी भरल्यावर हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात ब्लिचिंग पावडर मिसळून किमान अर्धा तास पाणी वापरू नये.

मोटारीची प्रकृती तपासण्याचा एक सोपा मार्ग विजेच्या मीटरमध्ये आहे. हजार लिटर पाणी तेरा मीटर उंच चढविण्यासाठी मुळात ०.०३५ युनिट ऊर्जा लागते. लहान पंपाची एकूण कार्यक्षमता २० ते ३० टक्के धरली, तर प्रत्यक्षात ०.१२ ते ०.१८ युनिट खर्च व्हावी. एकदा टाकी भरताना लागलेला वेळ आणि मीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तेवढ्याच पाण्याला दीडपट वेळ लागू लागला, तर इम्पेलर झिजला आहे किंवा नळीत कोठेतरी अडथळा आहे, असे समजावे.

बिघाडाची लक्षणे

मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो किंवा इम्पेलरमध्ये खडा अडकलेला असतो. अशा स्थितीत बटण दाबून ठेवू नये. गुंडाळी अर्ध्या-एक मिनिटात तापते. कपॅसिटर बदलणे स्वस्त आणि सोपे असले, तरी वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक असतो, हे विसरू नये.

मोटार फिरते पण पाणी येत नाही, तर बाहेरच्या पंपात फूटव्हॉल्व्ह गळत असतो किंवा ओढणाऱ्या नळीच्या सांध्यातून हवा शिरत असते. मोटार बंद होताच गच्चीवरील टाकीतील पाणी उलटे खाली येत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी झाला आहे. बटण दाबताच वीज तुटत असेल, तर गुंडाळीत किंवा पाण्यातील तारेच्या जोडात पाणी शिरले आहे. वायरमनकडून मेगरने तपासणी करून घ्यावी. रोधक एक मेगाओमच्या खाली उतरला असेल, तर मोटार पुन्हा पाण्यात सोडू नये.

दुरुस्ती की नवी मोटार, हा प्रश्न येथेच उभा राहतो. सील, बुश, बेअरिंग, कपॅसिटर हे भाग झिजण्यासाठीच असतात आणि ते बदलणे नेहमीच परवडते. गुंडाळी पहिल्यांदा जळली, तर चांगल्या कारागिराकडून ती पुन्हा भरून घेण्यास हरकत नाही. दुसऱ्यांदा जळली, तर मात्र कारण शोधल्याशिवाय पैसे घालू नयेत. मोटार बदलली तरी कारण तेच राहते. दुरुस्तीचा खर्च नव्या पंपाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवा घेणे शहाणपणाचे. जुना पंप काढताना त्याच्या पाटीवरील हेड आणि प्रवाह यांची नोंद ठेवावी.

तळघरातले पाणी

जमिनीखालच्या बांधकामाला पाणी बाहेरूनही भिडते. शेवगाव परिसरातील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने टाकीच्या आणि तळघराच्या भिंतींना तडे जातात. ऑगस्ट २०२१ आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने तालुक्यात पाणी कोठवर चढू शकते, हे दाखवून दिले आहे. जमीन पाण्याने तुडुंब झालेली असताना जमिनीखालची टाकी पूर्ण रिकामी करू नये. भोवतालच्या पाण्याचा उद्धरणदाब रिकाम्या टाकीचा तळ फोडू शकतो आणि हलकी प्लॅस्टिकची टाकी तर वर उचलली जाते. टाकी धुण्याचे काम मे महिन्यात उरकावे, यामागचे हेही एक कारण.

दुकानाखाली किंवा घराखाली तळघर असेल, तर त्याच्या सर्वांत सखल कोपऱ्यात खड्डा घेऊन त्यात गढूळ पाणी उपसणारा, फ्लोट असलेला मड पंप बसवावा. उपसलेले पाणी पायापासून दूर पावसाळी गटारात सोडावे. भिंतीलगत सोडलेले पाणी झिरपून पुन्हा त्याच खड्ड्यात येते. महत्त्वाची अडचण अशी, की मुसळधार पावसात वीज जाते आणि पंप नेमका गरजेच्या वेळी थांबतो. घरातील नेहमीचा इन्व्हर्टर एक हॉर्सपॉवरची मोटार सुरू करू शकत नाही, कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्यासाठी लहान पंप आणि त्याच्या बेताचा इन्व्हर्टर असा वेगळा विचार करावा लागतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पाणी घुसून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. पंप झिरपलेले पाणी उपसतो. रस्त्यावरून लोटणारा पूर तो उपसू शकत नाही. तसे पाणी येताना दिसले, की सामान सोडून वर यावे.

जिवाचा प्रश्न

पाणी आणि वीज एकत्र आली, की चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. मोटारीला चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असलाच पाहिजे. साधा एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. पंप तारेला धरून कधीही उचलू नये. त्याला नायलॉनची दोरी बांधलेली असावी. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय टाकीत हात घालू नये आणि पाणी साचलेल्या तळघरात पाऊल ठेवू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बराच काळ बंद राहिलेल्या टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो. झाकण उघडून हवा खेळू द्यावी, पंख्याने हवा आत सोडावी आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून दुसऱ्याने वर थांबावे. आतला माणूस बेशुद्ध पडल्यास त्याला वाचविण्यासाठी तसेच उतरणाऱ्याचाही जीव जातो, हे अनेक दुर्घटनांत दिसून आले आहे. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन टाकीत अथवा तळघरात चालवू नये. त्याचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो. सांडपाण्याच्या टाकीत तर माणूस उतरवूच नये. संरक्षक साधनांविना अशी सफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

एक गोष्ट शेजाऱ्यांच्या हिताची. नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढण्याची सवय अनेक गावांत रुजली आहे. त्यामुळे गल्लीच्या शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, हा अन्याय तर आहेच. शिवाय जलवाहिनीत पोकळी निर्माण होऊन फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शोषले जाते आणि ते ओढणाऱ्याच्याच टाकीत येते. नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीखालच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीतूनच पाणी वर नेण्यासाठी वापरावी. आठ दिवसांनी येणारे पाणी सर्वांपर्यंत स्वच्छ पोहोचायचे असेल, तर ही शिस्त पाळावीच लागेल.