मोबाइलवरून माहिती अधिकार : नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांसाठी

केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा, २००२ चा होता.

• अर्ज कुठे? जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका ही राज्याची कार्यालये. त्यांच्यासाठी राज्याचे आरटीआय ऑनलाइन पोर्टल. रेल्वे केंद्राची, तिचे पोर्टल वेगळे. त्यातही नांदेड स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो (कलम ६(३)).

• शुल्क : १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. राज्याच्या कार्यालयांसाठी कागदी अर्ज ‘जोडपत्र अ’मध्ये, कोर्ट फी स्टॅम्प लावून.

• मागायचे काय? ‘रस्ता खराब का झाला?’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागावा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकाची प्रत. रोजगार हमीच्या कामाचा हजेरीपट तर अर्जाविनाही मिळतो. मनरेगाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मजुरांच्या नावांसह उघडतो. आधी तो पाहावा, गावात पडताळावा, मगच अर्ज. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत.

• मुदत : ३० दिवस. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास.

• अपील : पहिले ३० दिवसांत, त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे. दुसरे ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. मराठवाड्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. रेल्वेसारख्या केंद्रीय कार्यालयाविरुद्धचे दुसरे अपील मात्र दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.