नुसती लिंक पुरत नाही

विंडोज एक्सपीच्या काळात इंटरनेटवरच्या मराठी मंडळींमध्ये एक टिप सतत फिरत असे. कंट्रोल पॅनेल उघडायचं, 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जायचं, 'लँग्वेजेस'वर क्लिक करून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी दिलेल्या चौकटीत खूण करायची, मागितली तर एक्सपीची सीडी घालायची आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. एवढं केलं की मराठी नीट दिसू लागायची. त्याआधी कुठे नुसते चौकोन दिसत, कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसे, कुठे जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली अक्षरं एकापुढे एक उभी राहत.

ही टिप कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारालाही ती बहुधा माहीत नसे. एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने ती टप्प्याटप्प्याने लिहून काढली, तिसऱ्याने सीडी नसेल तर काय करायचं ते जोडलं. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला तेव्हा तिथे येणाऱ्या कित्येकांना लेख वाचण्याआधी अशा सूचना वाचाव्या लागत. इंटरनेटवर आज मराठी जी सहज वावरते, त्यामागे कंपन्यांचं आणि सरकारी संस्थांचं काम आहेच. पण ते काम घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवलं ते अशा हातोहात दिलेल्या टिपांनी.

त्या वेळचा गोंधळ आज कुणाला सांगूनही पटणार नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे नाना फॉन्ट होते आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी होती. कृतिदेवमध्ये 'का' लिहिलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ते 'का' नसायचंच. त्याच्याकडे साठवलेली असायची इंग्रजी 'डी' आणि 'के' ही दोन अक्षरं. फॉन्ट त्यांच्या जागी 'क' आणि काना यांची चित्रं दाखवायचा. फाइल दुसऱ्याकडे गेली आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, की अख्खं पत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडायचं. शोधायची सोय नाही, एका कार्यालयातला मजकूर दुसऱ्या कार्यालयात वाचता येण्याची खात्री नाही. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचीही तीच तऱ्हा होती. ज्याचं त्याचं पान वाचायला ज्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यायचा.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. देवनागरीची युनिकोडमधली मांडणी भारतातच १९८८ साली ठरलेल्या 'इस्की' या संकेतावरून घेतलेली आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि तो जगातल्या सगळ्या यंत्रांवर एकच राहिला. मात्र प्रमाण तयार होणं वेगळं आणि पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या माणसाने घरी बसून त्यात चार ओळी लिहिणं वेगळं. १९९६ साली सुरू झालेली मायबोली, तिच्यामागून आलेली मनोगत, मिसळपाव, उपक्रम ही संकेतस्थळं साहित्य आणि गप्पांसाठी ओळखली जातात. तिथे मराठी कसं लिहायचं याचं शिक्षणही अखंड चालू असे. रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारं 'गमभन', बरहा, फायरफॉक्समध्ये जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारं 'पद्मा' अशी साधनं लोकांना जाहिरातींतून कळली नाहीत. ती कुणीतरी कुणाला तरी सांगितली म्हणून कळली.

यातल्या एका टिपेकडे जरा जवळून पाहायला हवं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात र अक्षराच्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो आडव्या चंद्रकोरीसारखा य ला चिकटतो. हा दुसरा र मराठीला पदोपदी लागतो: वाऱ्यावर, सुऱ्या, पायऱ्या, तऱ्हा. नव्याने टंकन शिकणारा इथे हमखास अडतो, आणि त्याला मदतीला दोन टिपा मिळतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबायचं, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ उमटतो. मग 'डी' दाबून हलन्त द्यायचा आणि तिरप्या रेघेची कळ दाबून य घ्यायचा. ही पहिली. दुसरी अशी की साधा र घ्यायचा, हलन्त द्यायचा आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून मग य लिहायचा.

पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' हुबेहूब सारख्या दिसतात. आत मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा असतात. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडेलच असं नाही. शिवाय काही सॉफ्टवेअर मजकूर साफ करताना न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. तसं झालं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो. युनिकोडच्या नियमांत खाली टिंब असलेल्या ऱची पद्धत मुख्य मानलेली आहे आणि जोडचिन्हाची पद्धत जुन्या मजकुराशी जुळतं राहावं म्हणून ठेवलेली आहे. 'अमुक कळ दाबा' एवढंच सांगणाऱ्याने एका माणसाचं त्या वेळेपुरतं काम केलं. जो कारणही सांगतो, तो पुढच्या पाच अडचणी ओळखायला शिकवतो. दोघांच्या टिपेत फरक फार तर दोन वाक्यांचा असतो.

'ॲ'चंही असंच झालं. ॲप, ॲलर्जी, ॲसिड या शब्दांमधला हा स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. ती युक्ती तेव्हा बरोबरच होती, दुसरा इलाजच नव्हता. पण जुन्या टिपा इंटरनेटवर तशाच पडून राहिल्या आणि त्या वाचून अनेक जण पुढे कितीतरी वर्षं जुन्याच पद्धतीने लिहीत राहिले. टिपेखाली साल लिहिलेलं असतं तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

लिंकसोबत चार शब्द लिहायची रीत वेबइतकीच जुनी आहे. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली यांनी युजनेटवरच्या हायपरटेक्स्टविषयीच्या एका गटात वर्ल्ड वाइड वेबची ओळख करून दिली. त्यांनी नुसता पत्ता टाकला नाही. प्रकल्प काय आहे, तो कशासाठी आहे, त्यात कुणाला सामील होता येईल, हे थोडक्यात लिहून मग पत्ता दिला. २००३ साली जोशुआ शाख्टर यांनी सुरू केलेल्या 'डिलिशस'ने याच रीतीला सगळ्यांसाठी खुलं रूप दिलं. आवडलेली लिंक साठवायची, तिला आपल्याला सुचतील ती लेबलं लावायची आणि एखाद-दुसरी ओळ लिहायची. आपण स्वतःसाठी लावलेली लेबलं इतरांनाही वाट दाखवत. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ मध्ये निघालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर तर नुसती लिंक म्हणजे उत्तर मानत नाहीत. लिंक जरूर द्या, पण तिथला कामाचा भाग इथेच लिहा, असा तिथला दंडक आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: लिंक मरते.

किती मरतात याचा अंदाज २०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून येतो. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याआधी हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमधल्या लिंक तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या लिंकवर मूळ मजकूर उरलेला नव्हता. न्यायालयाच्या निकालाची ही गत, तर 'हे बघा, मस्त आहे' असं लिहून पाठवलेल्या लिंकचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये गुंडाळलं आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. भारतात घरोघरी पोचलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. डिलिशस स्वतःच हातोहाती विकलं जात २०१७ मध्ये 'पिनबोर्ड'च्या मालकीचं झालं आणि त्यात नवी भर पडणं थांबलं. त्या सगळ्या ठिकाणी लोकांनी एकमेकांना समजावून सांगितलेल्या असंख्य गोष्टी होत्या.

आता ही देवघेव मुख्यतः वॉट्सॲपच्या गटांमध्ये होते. सोसायटीचा गट, शाळेतल्या वर्गमित्रांचा गट, गावचा गट. सकाळी कुणी पीडीएफ लहान कशी करायची ते सांगतं, संध्याकाळी कुणी सातबारा ऑनलाइन कुठे मिळतो त्याची लिंक टाकतं. ही मदत मोलाची आहे, विशेषतः ज्यांच्या घरात विचारायला तरुण माणूस नाही त्यांच्यासाठी. अडचण अशी की तिथली टिप गटाबाहेरच्या कुणाला शोधून सापडत नाही, आणि गटातल्यांनाही चार दिवसांनी सापडत नाही. मग तोच प्रश्न पुन्हा येतो आणि पुन्हा नव्याने उत्तर टाइप करावं लागतं. गटाच्या माहितीच्या चौकटीत नेहमीच्या पाच-सहा गोष्टी नीट लिहून ठेवल्या तरी बराचसा प्रश्न सुटतो. पण ते करायला कुणीतरी पुढे व्हावं लागतं.

दुसरा मुद्दा खरेपणाचा. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवा, ही टिप इतकी रुळली आहे की ती चुकीची असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. ॲपलने मात्र आपल्या फोनच्या बाबतीत तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनचं नुकसान होऊ शकतं. याउलट *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो ही टिप खरी आहे. तिचा उपयोग कळायला पुढचं वाक्य जोडावं लागतं: फोन चोरीला गेला तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर हाच क्रमांक देऊन तो बंद करवता येतो, म्हणून तो आजच कागदावर लिहून ठेवा. मोबाइलवर दाबायच्या अशाच आकड्यांचा ठकसेनांनीही वापर केला. कुरियरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून 'हा आकडा लावा' म्हणत आणि त्यातून समोरच्याचे कॉल आपल्या नंबरकडे वळवून घेत. अखेर दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून असे आकडे लावून कॉल वळवण्याची सोयच थांबवायला लावली.

लिंकच्या बाबतीत सगळ्यांना यावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पत्ता वाचणं. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जायचं, पहिली एकेरी तिरपी रेघ दिसली की थांबायचं आणि तिथून डावीकडे वाचायला लागायचं. पत्त्याचा खरा मालक त्या रेघेला लागून असतो. सुरुवातीला बँकेचं नाव ठळक दिसत असेल आणि रेघेजवळ भलतंच नाव असेल, तर ते पान त्या भलत्याचं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर हलवायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, ती यासाठीच. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, म्हणून रेघेला लागून तो दिसला तर बऱ्याच शंका मिटतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून 'एपीके' फाइल आली तर ती उघडायचीच नाही. ते फोनवर चढणारं ॲप असतं, पत्रिका नसते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा.

चांगली लिंक पाठवणाऱ्याने एवढं पाहिलं तरी पुष्कळ आहे: आपण स्वतः ती उघडून पाहिली का, त्यात काय आहे ते दोन ओळींत सांगता येतं का, टिप कुठल्या फोनची, कुठल्या आवृत्तीची, कुठल्या साली चाललेली. चौथी गोष्ट थोड्या जास्त कष्टाची, पण फुकट आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचं 'वेबॅक मशीन' २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. त्यावर 'सेव्ह पेज नाऊ' अशी चौकट आहे. तिथे पानाचा पत्ता चिकटवला की त्या घटकेची प्रत साठवली जाते आणि तिचा स्वतंत्र पत्ता मिळतो. त्या पत्त्यात चौदा आकडे असतात: आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. मूळ लिंकखाली हा पत्ता जोडला तर मूळ पान उद्या गेलं तरी टिप उरते, आणि ती केव्हाची आहे हेही आपोआप कळतं. वॉट्सॲपवरचा मजकूर मात्र असा साठवता येत नाही. गटात कुणी चांगलं समजावून सांगितलं असेल, तर त्याला विचारून ते एखाद्या खुल्या पानावर लिहावं लागतं. मराठी विकिपीडियावर कुणालाही लिहिता येतं आणि आधी लिहिलेलं दुरुस्तही करता येतं.