ओढ्यातला गेरू

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रूटाउनजवळच्या एका बंद कोळसाखाणीतून मिनिटाला पावणेचार हजार लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. त्याला हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंजतं आणि संडे क्रीक हा ओढा नारिंगी होतो. तळाच्या दगडांवर गंजाचं पुट चढतं. मासे तर सोडाच, पाण्यातले किडेही तिथे तग धरत नाहीत.

खाणींना वेसण घालणारा केंद्रीय कायदा आला १९७७ साली. त्याआधी गाशा गुंडाळून गेलेल्या मालकांना जाब विचारता येत नाही. पाणी शुद्ध करायचं तर खर्च कायमचा, आणि तो उचलायला कुणीच नाही.

ओहायो विद्यापीठातले अभियंता गाय रीफलर यांनी म्हणून गाळाकडेच माल म्हणून पाहिलं. गाळ म्हणजे लोहाचं ऑक्साइड. आपण तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू आणि कोकण-गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची काव, दोन्हींचा रंग त्याचाच. पाण्याची आम्लता मारायची, त्यात हवा खेळवायची, लोखंड खाली बसू द्यायचं. मग गाळ धुऊन, वाळवून दळायचा. भट्टीत तापवला की पिवडीसारखा पिवळा तांबडा होतो. आच आणखी वाढवली की जांभळ्याकडे झुकतो. एकाच ओढ्यातून इतक्या छटा निघतात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

या रंगांची पारख केली त्याच विद्यापीठातले चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी. पुढे ओरेगनच्या गॅम्ब्लिन कंपनीने त्यांचे तैलरंग काढले. पेनसिल्व्हेनियात बॉब हेडिन यांनी खाणीच्या पाण्यातलं लोखंड त्याआधीच विकून दाखवलं होतं. पण चित्रकारांच्या नळ्यांत असा किती गाळ मावणार? ट्रूटाउनच्या पाण्यातून वर्षाला सुमारे ९०० टन लोह ऑक्साइड वाहून जातं. एवढं खपायला विटा, फरशा, काँक्रीट यांचाच बाजार हवा.

हे ओळखून ‘रूरल अ‍ॅक्शन’ या स्थानिक स्वयंसेवी संस्थेने ‘ट्रू पिगमेंट्स’ ही कंपनी काढली आणि ट्रूटाउनलाच कारखान्याची आखणी केली. कोळसा गेल्यावर या टेकड्यांत पोटापाण्याचं फारसं काही उरलं नव्हतं. आता इथल्या माणसांना काम मिळावं, रंगाच्या पैशातून पंप चालावेत आणि निवळलेलं पाणी पुन्हा संडे क्रीकमध्ये सुटावं, असा हा हिशेब आहे.