आदिवासी दिव्यांगांचा दुहेरी हक्क

जालना जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 2 टक्के आहे. महाराष्ट्रात ते 9 टक्क्यांहून अधिक आहे. परंतु संख्या अल्प म्हणून प्रश्न अल्प, असे मात्र नव्हे. गावाकडेच्या विखुरलेल्या वस्तीवर राहणारे आदिवासी कुटुंब शासकीय नोंदीतून सहज निसटते. त्या कुटुंबात कोणी दिव्यांग असेल, तर त्याची उपेक्षा दुहेरी होते.

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा परिसरातल्या एखाद्या भिल्ल शेतमजुराची कल्पना करावी. त्याच्या मुलीला ऐकू येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अन्वये तिचे दिव्यांगत्व किमान 40 टक्के ठरल्यास, 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या अथवा तिच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा तिचा हक्क आहे. पुढे उच्च शिक्षणात किमान 5 टक्के व शासकीय सेवेत किमान 4 टक्के राखीव जागांचीही तरतूद आहे. हे आरक्षण समांतर असल्याने अनुसूचित जमातीच्या आरक्षणाला त्यामुळे बाध येत नाही. दोन्ही हक्क एकाच व्यक्तीला एकत्र मिळू शकतात.

अडचण आहे ती दाखल्यांची. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावे जमीन नाही, त्यांनी तो कोठून आणावा? शिवाय प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. मुलीला घेऊन तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा घालणे अशा कुटुंबाला परवडत नाही. कायदा कागदावर राहतो आणि मुलगी घरी बसते.

म्हणूनच लाभार्थ्याने कार्यालयाकडे जाण्याऐवजी कार्यालयानेच वस्तीवर जाणे हा खरा उपाय होय. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांना अशी मुले ठाऊक असतात. त्यांच्या नोंदीवरून वैद्यकीय तपासणी आणि महसुली दाखल्यांचे काम एकाच दिवशी, एकाच शिबिरात करता येईल. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. या कामी त्याचे साहाय्य होऊ शकेल.

एकदा मिळालेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबास याचे मोल मोठे आहे. दान मागणाऱ्याला थांबावे लागते. हक्क मात्र वेळेवर पोहोचविणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्यच आहे.