क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांचे डोळे

वैद्यकशास्त्राला लाभलेल्या साधनांत क्ष-किरणांचे स्थान फार वरचे आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाला या किरणांचा शोध लागला आणि १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. मोडलेले हाड, फुप्फुसातील क्षयाची छाया, मूत्रपिंडातील खडा यांचे निदान त्यामुळे सुलभ झाले. परंतु या किरणांची दुसरी बाजूही लवकरच लक्षात आली. अमेरिकेत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत या किरणांवर काम करणारे क्लॅरेन्स डॅली यांना हातांवर असाध्य व्रण होऊन १९०४ साली मृत्यू आला. एडिसन यांनी या किरणांचे काम सोडून दिले. तेव्हापासून क्ष-किरण विभागात शिशाच्या भिंती, शिशाचे एप्रन आणि सुरक्षिततेचे नियम आले. एप्रनमुळे छाती व पोट झाकले गेले. डोळे मात्र बराच काळ उघडेच राहिले.

धोका कोणाला आहे?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छातीचा साधा क्ष-किरण फोटो काढताना तंत्रज्ञ संरक्षक आडोशामागे उभा राहून यंत्र चालवितो. किरणांचा झोत क्षणभरच चालू असतो. अशा कामात नियम पाळले गेल्यास तंत्रज्ञाच्या डोळ्यांना भीतीचे कारण नाही. रुग्णानेही आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळू नये.

प्रश्न निर्माण होतो तो, किरण चालू असतानाच वैद्यकीय चमूला रुग्णाजवळ उभे राहावे लागते तेथे. हृदयाच्या रोहिणीत नळी घालून अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी करणारे हृद्रोगतज्ज्ञ, सी-आर्म यंत्राच्या साहाय्याने हाड बसविणारे अस्थिरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञ हे सर्व या वर्गात येतात. सी-आर्म यंत्र आता केवळ महानगरांतील रुग्णालयांपुरते मर्यादित राहिलेले नाही. त्यामुळे हा विषय जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही तितकाच महत्त्वाचा आहे.

किरण कोठून येतात?

या मंडळींच्या डोळ्यांवर यंत्रातील झोत थेट पडत नाही. तो रुग्णाच्या शरीरावर पडतो आणि तेथून त्याचा काही भाग चोहोबाजूंना विखुरतो. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने किरणांचा उगम म्हणजे रुग्णाचे शरीरच होय. रुग्णापासून एक मीटर अंतरावर विखुरलेल्या किरणांची तीव्रता मूळ झोताच्या सुमारे एक हजारांश असते. हा अंश अल्प वाटतो. पण शस्त्रक्रिया अर्धा-एक तास चालते आणि अशा शेकडो शस्त्रक्रिया वर्षभरात होतात, तेव्हा थेंबाथेंबाने तळे साचावे तशी मात्रा साचत जाते.

भिंगाची रचना

डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात आणि निकामी झालेल्या पेशी बाहेर टाकण्याची सोयही नसते. भिंगाच्या पुढील पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. या थरातील कडेच्या पेशी जन्मभर विभागत राहतात व त्यांपासून पारदर्शक तंतू बनतात. किरणांनी इजा झालेल्या पेशींपासून धड तंतू बनत नाहीत. त्या हळूहळू भिंगाच्या मागील बाजूस सरकतात आणि आवरणाच्या आतल्या अंगाला गढूळपणा निर्माण करतात. किरणजन्य मोतीबिंदूची ही खास खूण आहे. हा भाग दृष्टीच्या मध्यरेषेवरच असल्याने वाचन करताना व प्रखर उजेडात त्रास लवकर जाणवतो. इजा आणि लक्षण यांत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. म्हणून आज काही जाणवत नाही, यावर विसंबून राहता येत नाही.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होते, हे खरे. तथापि ज्याची उपजीविका सूक्ष्म दृष्टीवर अवलंबून आहे, त्याला ऐन उमेदीत ही वेळ येऊ नये, हे अधिक श्रेयस्कर नव्हे काय?

मर्यादा का बदलली?

मोतीबिंदू होण्यास बरीच मोठी मात्रा लागते, अशी पूर्वी समजूत होती. त्यामुळे नेत्रभिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा सुरक्षित मानली जात असे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने कोलंबियात बोगोटा येथे झालेल्या तपासणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३८ टक्के हृद्रोगतज्ज्ञांच्या व २१ टक्के परिचारिका-तंत्रज्ञांच्या भिंगांच्या मागील भागात बदल आढळले. किरणांशी संबंध नसलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. मलेशियातील पाहणीतही असाच फरक दिसून आला. यांतील बहुतेक बदल प्रारंभिक होते. तरी त्यांचा इशारा स्पष्ट होता.

एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने इजेची किमान मात्रा ०.५ ग्रे मानावी, असे जाहीर केले. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ५० मिलिसिव्हर्ट अशी नवी मर्यादा आयोगाने सुचविली. एका शस्त्रक्रियेत डोळ्याला ०.०५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते असे समजले, तर ४०० शस्त्रक्रियांत २० मिलिसिव्हर्ट पूर्ण होतात. दररोज दोन याप्रमाणे हे केवळ २०० दिवसांचे काम झाले.

संरक्षणाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे किरणांचा वापर कमी करणे. पायाखालची कळ आवश्यक तेवढाच वेळ दाबावी. सलग झोताऐवजी खंडित झोत वापरावा, पडद्यावर स्थिर राहिलेल्या शेवटच्या चित्रावरून काम भागत असल्यास नवे चित्र घेऊ नये आणि झोत आवश्यक भागापुरताच आखूड ठेवावा. यामुळे रुग्णाला मिळणारी मात्राही कमी होते.

दुसरा उपाय अंतराचा. अंतर दुप्पट केल्यास तीव्रता सुमारे चौथाईवर येते. ज्यांचे हात रुग्णावर असण्याची गरज नाही, त्यांनी दोन पावले मागे सरावे. किरणनलिका टेबलाखाली ठेवल्यास डोक्याकडे येणारे किरण कमी होतात. झोत आडवा असेल, तर नलिकेच्या बाजूस उभे न राहता चित्रग्राहकाच्या बाजूस उभे राहावे.

तिसरा उपाय आडोशाचा. छताला टांगलेला शिसेयुक्त पारदर्शक पडदा हा डोळ्यांचा सर्वांत भरवशाचा रक्षक होय. मात्र तो रुग्णाच्या शरीरालगत, योग्य कोनात ओढून घेतला तरच. कामात अडथळा होतो म्हणून बाजूला ढकललेला पडदा भिंतीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. त्याच्या जोडीला शिसेयुक्त काचांचा चष्मा वापरावा. डॉक्टर पडद्यावरील चित्राकडे पाहत असल्याने किरण बाजूने व खालून डोळ्यांत शिरतात. म्हणून चष्मा चेहऱ्याला घट्ट बसणारा व बाजूंनीही काच असलेला हवा. साध्या चष्म्याचा येथे फारसा उपयोग नाही.

बिल्ला आणि जबाबदारी

कर्मचाऱ्याला मिळालेली मात्रा मोजण्यासाठी टी.एल.डी. बिल्ला देण्यात येतो. तो छातीवर एप्रनच्या आत लावायचा असल्याने शरीराची मात्रा त्यावरून कळते, उघड्या डोळ्यांची नव्हे. जेथे असे काम मोठ्या प्रमाणावर चालते, तेथे गळ्यापाशी एप्रनच्या बाहेर किंवा डोळ्यालगत दुसरा मापक लावणे इष्ट ठरते. खणात ठेवलेला बिल्ला मात्र खणाचीच मात्रा सांगतो.

आपल्या देशात या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधने व मापक पुरविण्याची जबाबदारी संस्थाचालकांवर आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर लोकप्रतिनिधीही असतात. यंत्राचा परवाना आहे काय, पडदा व चष्मे आहेत काय, शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेला आणि मदतनिसालाही बिल्ला मिळाला आहे काय, कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांची नियमित तपासणी होते काय, हे चार प्रश्न समितीच्या बैठकीत अवश्य विचारले जावेत. नवे यंत्र खरेदी करतानाच पडदा व चष्म्यांची तरतूद अंदाजपत्रकात केल्यास पुढे वेगळ्या मंजुरीसाठी थांबावे लागत नाही.

रुग्णाला दृष्टीआड असलेले दाखविण्यासाठी जे कर्मचारी रोज या किरणांच्या सान्निध्यात उभे राहतात, त्यांची स्वतःची दृष्टी शाबूत राखणे हे रुग्णसेवेचेच एक अंग आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान व साधने उपलब्ध आहेत. गरज आहे ती ती साधने रोजच्या वापरात आणण्याची.