सेन्सर हातात नसतानाही आरोग्याचं अ‍ॅप तपासता येतं!
घुग्घुसच्या कोळसा खाणीत भर मे महिन्यात पाळीत काम करणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका आहे का, हे मनगटावरच्या पट्ट्यावरून ओळखणारं अ‍ॅप बनवायचंय? चाचणीसाठी कुणाला मुद्दाम चंद्रपूरच्या उन्हात उभं करता येत नाही. मग शरीराचे सिग्नल संगणकावर तयार करायचे.

पायथनमधली 'न्यूरोकिट२' ही लायब्ररी मोफत आहे. किती सेकंद, मिनिटाला किती ठोके, गोंगाट किती, एवढं सांगितलं की ईसीजी तयार! नाडी, श्वास, त्वचेवरचा घाम यांचेही सिग्नल मिळतात. ठोके ७० वरून १४० वर न्या आणि अ‍ॅप इशारा कधी देतं ते बघा.

पण असा ईसीजी फारच स्वच्छ असतो. घमेलं उचलताना हात हलतो, घामाने पट्टा सरकतो. म्हणून 'फिजिओनेट' या संकेतस्थळावरची 'एमआयटी-बीआयएच' संचातली खरी नोंद जरूर वापरा : ४७ जणांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ ईसीजी, सेकंदाला ३६० नमुने. त्यांचाच वेगळा गोंगाट-संचही आहे. स्नायूंची थरथर, इलेक्ट्रोड हलणं, सगळं त्यात आहे. तो मिसळला की कच्चं अ‍ॅप लगेच उघडं पडतं. मधूनच ब्लूटूथ तुटल्यासारखे काही सेकंद गाळूनही बघाच.

खऱ्या मनगटावरची चाचणी त्यानंतर, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.