रात्र वैऱ्याची

'रात्र वैऱ्याची आहे' हा इशारा मराठीत फार जुना आहे. पहाऱ्यावर असणाऱ्याने बेसावध राहू नये, एवढेच त्यातून सुचवायचे असते. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका जगप्रसिद्ध खेळात मात्र हा इशारा शब्दशः खरा ठरतो. तेथे सूर्य मावळला की अंधारातून वैरी प्रकट होतात आणि उजाडेपर्यंत जिवंत राहणे हेच खेळाडूचे मुख्य काम होऊन बसते. या खेळाचे नाव 'माइनक्राफ्ट'.

मार्कस पेर्सन या स्वीडिश तरुणाने हा खेळ निर्माण केला. २००९ मध्ये त्याचे प्राथमिक रूप लोकांसमोर आले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. खेळ तयार करणारी स्टॉकहोम येथील मोजांग ही कंपनी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

या खेळाला ठरीव कथानक नाही. वाळूत खेळणारे मूल ज्याप्रमाणे मनाला येईल ते रचते आणि मोडते, त्याप्रमाणे खेळाडूला येथे मोकळीक असते. म्हणूनच अशा खेळांना 'सँडबॉक्स' प्रकारचे खेळ म्हणतात. माती, दगड, लाकूड, पाणी अशा ठोकळ्यांचे हे जग आहे. खेळाडू त्यात रिकाम्या हातांनी उतरतो. झाड तोडून लाकूड मिळवायचे, लाकडाची कुदळ करून दगड फोडायचा, पुढे लोखंड शोधायचे, शेती करायची, घर बांधायचे, असा हा क्रम असतो. मानवाने हजारो वर्षांत केलेला प्रवास येथे काही तासांत घडतो. मात्र या मोकळ्या जगाला एक अट आहे. येथे जीव तगवावा लागतो.

खेळातील एक दिवस प्रत्यक्षातील २० मिनिटांचा असतो. त्यांपैकी सुमारे १० मिनिटे लख्ख उजेडाची आणि सुमारे ७ मिनिटे रात्रीची असतात. उरलेला वेळ पहाट आणि संधिप्रकाश यांत जातो. खेळाडूची प्राणशक्ती पडद्यावर १० हृदयांच्या रूपाने दिसते. ती संपली की तो मरतो आणि पुन्हा जन्म घेतो. पण त्याच्याजवळच्या वस्तू मृत्यूच्या जागी विखरून पडतात. त्या वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत, तर ५ मिनिटांत नाहीशा होतात. तासन्‌तास खणून मिळवलेले हिरे एका निष्काळजी क्षणी हातचे जातात. 'हार्डकोअर' नावाच्या कठोर प्रकारात तर पुनर्जन्मच नाही. वस्तू, घर, शेत सारे खोटे असले, तरी त्यासाठी दिलेला वेळ आणि घेतलेली मेहनत खरी असते. त्यामुळेच हानीचे दुःखही खरे असते.

अशा वेळी नवखा खेळाडू प्रथम तलवारीचा विचार करतो. अनुभवी खेळाडू प्रथम मशालीचा विचार करतो. या एका फरकात खेळाचे मर्म सामावलेले आहे. शत्रू कोठून येतात, या प्रश्नाचे उत्तर अंधार हे आहे. खेळात प्रकाशाची पातळी शून्य ते १५ अशी मोजली जाते. मशाल जेथे लावली जाते तेथे ही पातळी १४ असते आणि दर ठोकळ्यागणिक ती एकेकाने घटत जाते. पूर्वी प्रकाश ७ किंवा त्याहून कमी असेल, तर शत्रू जन्म घेत. २०२१ च्या अखेरीस हा नियम बदलला. तेव्हापासून जमिनीवरील जगात बहुतेक शत्रू दिव्यांचा प्रकाश अगदी शून्य असेल तेथेच निर्माण होतात. म्हणजे एक मशाल आपल्या भोवतीचा बराच मोठा परिसर निर्वैर करते. एक काठी आणि एक कोळसा यांतून चार मशाली होतात. याहून स्वस्त संरक्षण या खेळात नाही.

गुहांची गोष्ट निराळी आहे. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे भर दुपारीही रात्रच असते. खाणीत उतरताना वाटेवर मशाली लावत जाणे यासाठीच आवश्यक ठरते. जाताना मशाली नेहमी एकाच हाताला लावल्या, तर परतताना त्या दुसऱ्या हाताला दिसतात आणि वाट चुकत नाही. संरक्षण आणि मार्गदर्शन अशी दोन कामे एकाच वस्तूने साधतात.

प्रकाशानंतर महत्त्व निवाऱ्याचे. पहिल्या रात्री टोलेजंग घराची गरज नसते. डोंगराच्या कड्यात दोन ठोकळे आत खणून तोंड मातीने बुजवले, तरी रात्र निभावते. पुढे मेंढीची लोकर आणि लाकडाच्या फळ्या यांपासून पलंग तयार करता येतो. त्यावर झोपले की रात्र क्षणात सरते आणि तेच पुनर्जन्माचे ठिकाण ठरते. जवळपास शत्रू असल्यास मात्र झोप लागत नाही. आधी जागा सुरक्षित करा, मग विसावा घ्या, असा हा दंडक आहे. याउलट, सलग तीन दिवस न झोपणाऱ्या खेळाडूवर 'फँटम' नावाचे उडते जीव आकाशातून झेपावतात. वैऱ्याच्या रात्री जागे राहावे, असे आपली म्हण सांगते. हा खेळ तिला जोड देतो, की पहारा नीट बसवला असेल तर झोपणे हेही शहाणपणच आहे.

तथापि सर्व शत्रू टाळता येत नाहीत. त्यांच्याशी गाठ पडते तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव ओळखावा लागतो. झॉम्बी म्हणजे चालते प्रेत. तो सरळ अंगावर येतो आणि जवळ आल्यावरच मारतो. बहुतेक झॉम्बी उन्हात जळून जातात. पाण्यात वा सावलीत असलेले मात्र वाचतात. कठीण पातळीवर ते लाकडी दार फोडू शकतात, त्यामुळे केवळ दारावर विसंबून चालत नाही. सांगाडा दुरून बाण मारतो. मोकळ्या मैदानात त्याच्याकडे धावत जाणे घातक ठरते. झाडाचा किंवा भिंतीचा आडोसा घ्यावा, तो जवळ येईल असे पाहावे, किंवा ढाल पुढे धरून अंतर कमी करावे. सहा फळ्या आणि लोखंडाची एक वीट एवढ्यात ढाल तयार होते. सांगाड्याचा बाण चुकून दुसऱ्या शत्रूला लागला, तर तो शत्रू सांगाड्यावरच उलटतो. चतुर खेळाडू ही भांडणे लावून देतो आणि स्वतः बाजूला राहतो.

कोळी भिंत चढतो, त्यामुळे छप्पर नसलेले कुंपण त्याला अडवू शकत नाही. भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला एक ठोकळा पुढे काढला, तर त्याला वर येता येत नाही. त्याचे शरीर रुंद असल्याने एका ठोकळ्याच्या फटीतून तो आत शिरू शकत नाही. उजेडात तो सहसा शांत असतो. त्याला डिवचले नाही तर तोही वाटेला जात नाही.

या सर्वांत 'क्रीपर' अधिक कुप्रसिद्ध आहे. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. पेर्सन डुकराची आकृती तयार करत होते. तीत उंची आणि लांबी यांची अदलाबदल झाली आणि एक उभट, बिनहातांचा, विचित्र जीव पडद्यावर अवतरला. चुकीतून जन्मलेला हा जीव पुढे साऱ्या खेळाची ओळख बनला. क्रीपर गुपचूप येतो. उन्हात तो जळत नाही. जवळ आल्यावर फुसफुस असा आवाज करतो आणि दीड सेकंदात फुटतो. त्या स्फोटात खेळाडूबरोबर घराची भिंतही उडते. परंतु या दीड सेकंदातच त्याच्यावरील उपाय दडलेला आहे. आवाज येताच मागे सरकले आणि पुरेसे अंतर पडले, की क्रीपर फुटण्याचे थांबतो. एक घाव घालून मागे हटायचे, पुन्हा पुढे यायचे, अशी त्याच्याशी लढण्याची रीत आहे. आणखी एक सोपा उपाय म्हणजे मांजर. क्रीपर मांजराला भितो आणि तिच्यापासून दूर पळतो. घरोघरी मांजर पाळणाऱ्या खेळाडूंना यामुळेच निर्धास्त झोप लागते.

काही जीवांशी लढणे हीच चूक ठरते. 'एंडरमॅन' हा उंच, काळा जीव आपल्या वाटेने चाललेला असतो. त्याच्या डोळ्यांत पाहिले तरच तो चवताळतो. नजर जमिनीकडे ठेवली किंवा डोक्यावर कोरलेला भोपळा घातला, तर संघर्ष टळतो. तो चिडलाच, तर दोन ठोकळे उंचीच्या छताखाली शिरावे; त्याच्या उंचीमुळे त्याला तेथे येता येत नाही. पाण्याचाही त्याला त्रास होतो. २०२२ मध्ये खेळात आलेला 'वॉर्डन' याहून भयंकर आहे. जमिनीखाली खोल अंधारात राहणारा हा जीव आंधळा असून कंपनांवरून आणि वासावरून भक्ष्य शोधतो. त्याची प्राणशक्ती खेळाडूच्या २५ पट असते. त्याला मारण्याचा अट्टहास करण्यात अर्थ नसतो. दबक्या पावलांनी चालावे, लोकरीच्या ठोकळ्यांवर पाय ठेवावा, गरज पडल्यास बर्फाचा गोळा दूर फेकून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे आणि निघून जावे. शौर्य कोठे थांबवावे, हे कळणे हाही पराक्रमाचाच भाग आहे.

या खेळातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट याही पुढची आहे. गावकऱ्यांच्या वस्तीवर झॉम्बी चाल करून येतात, तेव्हा त्यांच्या हातून मेलेला गावकरी स्वतः झॉम्बी होऊ शकतो. कठीण पातळीवर तर तो नेहमीच होतो. तो पुढे खेळाडूवर धावून येतो. त्याला तलवारीने मारणे सोपे असते. पण त्याच्यावर दुर्बलता आणणारे औषध फेकून त्याला सोन्याचे सफरचंद खाऊ घातले, तर काही मिनिटांत तो पुन्हा माणूस होतो. त्यानंतर तो आपल्या उपकारकर्त्याला वस्तू स्वस्तात देतो. औषध आणि सोने मिळवायला श्रम पडतात; मारायला एक क्षण पुरतो. निवड खेळाडूवर सोडलेली असते.

व्हिडिओ खेळ म्हणजे केवळ मारामारी, असा एक समज रूढ आहे. काही खेळांविषयी तो खराही असेल. या खेळाकडे पाहिले, तर शत्रूला तोंड देण्याच्या उपायांत शस्त्राचा क्रमांक शेवटचा लागतो. प्रकाश, भिंत, अंतर, आडोसा, मौन, मांजर आणि औषध हे सारे त्याच्या आधी येतात. ज्याला शत्रू नकोच असतील, त्याच्यासाठी 'पीसफुल' ही शांत पातळीही खेळात आहे. ती निवडली की वैरी दिसेनासे होतात. तरीही असंख्य खेळाडू वैऱ्यांसह खेळणे पसंत करतात. याचे कारण शोधणे अवघड नाही. पहिल्या रात्री मातीच्या बिळात दडून बसलेला खेळाडू बाहेरचे घोगरे आवाज ऐकून घाबरतो. दहाव्या रात्रीही आवाज तेच असतात. पण आता हा आवाज कोणाचा, तो किती दूर आहे आणि त्यावर उपाय कोणता, हे त्याला ठाऊक असते. वैरी होते तेवढेच राहतात, भीती मात्र ओसरते. अंधारात काय आहे हे न कळल्यामुळे वाटणारी भीती आणि ते कळल्यानंतर घेतलेली खबरदारी यांतील अंतर ज्याने एकदा ओलांडले, त्याला पुढची रात्र वैऱ्याची असली तरी परकी वाटत नाही.